ज्याची सीट, त्याचा हात

गाडीच्या दाराले खिसा बसवणं म्हणजे काय मोठं काम हाये, असं लोकायले वाटते. चार स्क्रू पिळले, रेक्झिनची थैली अडकवली, झालं! माझ्यासमोर कोणी असं बोललं ना, तर मी मशीन थांबवते अन् त्याच्याकडं अशी पाह्यते का तो चहा न पेता जाते. पांढुर्ण्यात नागपूर रोडले आमचं सीट कव्हरचं दुकान हाये. शिवणं माझ्याकडं, बसवणं तृप्तीच्या बाबांकडं. तृप्ती आमची एकुलती एक पोरगी. तिच्या बाबांचं नाव दादाजी, पण नवऱ्याले मी नावानं हाक मारू का? पोरगी झाली तेव्हापासून तृप्तीचे बाबा, तृप्तीचे बाबा, हेच म्हणत आली. अन् आता दोन वर्षं झाली, असं म्हटलं का ते वो देत नाईत. मुद्दाम. कान चांगले हायेत त्यायचे. रस्त्यानं गाडी गेली तर बसल्या जागी सांगतेत, मागचं डावं दार वाजून राहिलं म्हणून. पण तृप्ती हा शब्द आला का बहिरे.

तर खिशाचं सांगत होती. बजारात तयार प्लास्टिकचे खिसे भेटतेत, चिकटपट्टीवाले. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो गोंद पाणी होते अन् खिसा मानसाच्या पायावर पडते. तृप्तीचे बाबा तसल्याले हात लावत नाईत. ते दाराचं आखं पॅनल उतरवतेत, आतमधी काच कुठून खाली येते ते पाह्यतेत, म्हणजे स्क्रू काचेले लागला नाई पाह्यजे. मंग पातळ प्लाय, त्यावर फोम, त्यावर मी शिवलेलं रेक्झिन, तोंडाले इलास्टिक. इथपर्यंत सगळं ठीक. पण खिसा किती उंचीवर अन् किती पुढं धराचा, यावर त्यायचा एक नियम हाये, अन् त्या नियमापायी आमचे अर्धे गिऱ्हाईक पळतेत.

नियम असा, का ज्या सीटजवळ खिसा बसवाचा, त्या सीटवर जो रोज बसते त्यालेच दुकानात आणाचं. त्याले बसवाचं, डोळे मिटाले सांगाचं अन् म्हणाचं, "आता पाण्याची बाटली घ्या." बाटली नसतेच. मानूस आपसूक हात खाली सोडते. जिथं बोटं थांबले तिथं हे खडूनं खूण करतेत. ज्याची सीट, त्याचा हात. दुसऱ्याच्या हातावर त्यायनं आजवर ड्रिल चालवली नाई.

एकदा संत्र्याचा एक व्यापारी आला. म्हणे, "मागच्या सीटवर माझी बुढी माय बसते, तिले कुठं आणू आता?" हे म्हणे, "आणता येत नसन तर खिसा तरी कायले पाह्यजे तिले?" झालं, दुसऱ्या दिवशी बुढी काठी टेकत आली. डोळे मिटाले सांगतलं तर बाई झोपूनच गेली! हे खडू घेऊन उभे. मी उठवाले गेली तर माझ्यावरच डोळे वटारले. बुढीचा हात झोपेत घसरला, तेव्हा कुठं खूण केली यायनं. मी बसली बाप्पा डोक्याले हात लावून.

असा हा मानूस. दुसऱ्याच्या बुढ्या मायसाठी ताटकळत उभा राह्यणार, अन् स्वतःच्या पोरीसाठी एक पाऊल हलणार नाई.

तृप्ती सौसरले असते. सागर नावाच्या पोराशी तिनं लग्न केलं. पोरगा शाळेत क्लार्क हाये. दारू नाई, खर्रा नाई, बोलाले नरम. पण तो बौद्ध समाजाचा, अन् आपण वेगळे, हे तृप्तीच्या बाबांच्या डोक्शात घट्ट बसलेलं. किती समजावलं, किती भांडली मी. शेवटी ते तिले म्हणले, "जाचं तर जा. मी बोलावलं तरच या घरात पाय ठेवजो." अन् पोट्टी तरी कोणाची? तिनं पण डोळ्यात टिपूस न आणता सांगतलं, "ठीक हाये बाबा. तुम्ही बोलवसान तेव्हाच येईन." हे बोलवत नाईत, ती येत नाई, अन् मधात मी.

तुम्ही म्हणसान, मंग तू काहून गेली नाई सौसरले? पाऊण तासाचा रस्ता, दिवसभर गाड्या चालू. गेली होती ना. पह्यल्याच महिन्यात जामसावळीच्या मारुतीचं दर्शन घेतो असं सांगून निंगली अन् सौसरच्या बस स्टँडवर उतरून तिले फोन लावला. तर पोरगी म्हणते कशी, "आई, तू घरी सांगून आली का?" मी म्हटलं, "नाई." "मंग वापस जा. चोरून भेटाले मी काय चोरी केली का?" अन् फोन ठेवून दिला. मी स्टँडवरच्या बाकड्यावर बसली अन् लहान पोरीसारखी रडली. राग असा आला होता तिचा! अन् रागात मनात हेच येऊन राहिलं होतं, का बरोबर बोलली. तशी मी परत फिरली ते फिरली. तेव्हापासून फोनवरच आमचं. दुपारी हे जेवाले घरी गेले का मी दुकानातून फोन लावाची. ती फोटो पाठवते. फोटोत लेक दिसते, हसते, पण फोटोले वास नाई ना. तिच्या केसायच्या तेलाचा वास पाह्यजे होता मले. बजारात कोणाची पोरगी पाठमोरी तिच्यासारखी दिसली का मी भाजी सोडून तिच्यामागं चालू लागाची. ती वळली का मी टमाट्याचा भाव इचाराची, तिलेच.

मोबाईल एकदा यायच्या पुढं धरला. म्हटलं, जावई तरी पाहून घ्या. यायनं फोन माझ्या हातातून घेतला अन् पालथा ठेवून दिला.

या साली संत्र्याले फूल आलं तेव्हा तृप्तीनं सांगतलं का तिले दिवस गेले. मी आनंदानं मशीनवरच रडली, चुकीची शिलाई मारली, आखं कव्हर उसवावं लागलं. यायनं इचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "सुई लागली." काय सांगणार? ज्याले नाव ऐकाचं नाई त्याले नातवाची बातमी मी काहून देऊ? येऊ दे त्याले इचाराले.

मंग एक एक महिना जाऊ लागला अन् माझा जीव तुटाले लागला. पह्यलं बाळंतपण माहेरी होते, हे काय सांगाले पाह्यजे कोणाले? मी डिंक आणून ठेवला, मेथ्या आणल्या, जुन्या धोतराचे मऊ फडके धुऊन ठेवले, अन् सगळं पलंगाखाली ढकललं. तिची सासू मालतीबाई मले फोन करून म्हणते, "ताई, तुम्ही काळजी करू नका, आम्ही हावोत ना." हावोत ना! असा राग आला मले. बाई चांगली हाये, म्हणूनच जास्त आला. माझ्या लेकीच्या पाठीले तेल तिनं काहून लावाचं? ते माझं काम हाये. तिले त्याचं पुण्य भेटो, मले माझी पोरगी पाह्यजे होती.

सातवा लागला तेव्हाची गोष्ट. सागरनं एक जुनी लहान गाडी घेतली होती, तृप्तीले नागपूरच्या डॉक्टरकडं न्याले. त्या गाडीच्या डाव्या दाराचा खिसा अगोदरच्या मालकानं तोडून टाकला होता. तृप्ती फोनवर सहज बोलली, "आई, फाईल अन् बाटली सगळं पायाशी पडते. अन् मले वाकता येत नाई ना."

मी फोन कानाले लावून तशीच बसली. मंग एकदम डोक्शात उजेड पडला. अवं माय, खिसा!

मी सागरले फोन लावला. म्हटलं, "ऐक. गाडी घेऊन आमच्या दुकानात ये. मोहगावचा हाओ असं सांगजो. डाव्या दाराले खिसा पाह्यजे म्हण. बाकी हे आपणच बोलतीन."

तो म्हणे, "काय बोलतीन, आई?"

"म्हणतीन का बायकोले घेऊन या. कोणाले सोडत नाईत ते, तुले काय सोडतीन? मंग तृप्तीले सांगता येते ना, का बाबानं स्वतः बोलावलं म्हणून."

तो पोरगा मोठ्यानं हसला. मंग हसणं थांबवून म्हणे, "आई, पण हे खोटं नाई का?"

"खोटं काय त्याच्यात? तोंड त्यायचं, शब्द त्यायचे. तू ये मुकाट्यानं."

तो आला. मी त्याले पह्यल्यांदा पाह्यलं, म्हणजे फोटोबाहेर. उंच, जरासा वाकून चालणारा, शर्टाची बटनं वरपर्यंत लावलेली. माझा जावई माझ्या दुकानाच्या पायरीशी उभा अन् मी मशीनवरून मान वर करून "काय पाह्यजे?" असं त्याले इचारून राहिली. यापरीस काय वाईट पाह्याचं असन बाईनं? त्याले आतमधी बोलवून पाटावर बसवाचं सोडून!

हे दाराजवळ गेले. पॅनलवर बोटं वाजवून पाह्यलं. "कोण बसते इथं?"

"बायको," सागर म्हणे.

"आणली का?"

"नाई. तिची तब्येत..."

"मंग घेऊन या तिले. तिच्याशिवाय नाई होत." अन् हे वळून आपल्या कामाले लागले.

मले वाटलं, टाळी वाजवावी. बोलावलं का नाई? स्वतःच्या तोंडानं बोलावलं का नाई? मी तेव्हाच मागच्या बाजूले जाऊन तृप्तीले फोन लावला अन् सगळं सांगतलं, अक्षर न अक्षर. मले वाटलं ती हसन, रडन, म्हणन, आई तू भल्लीच हुशार हायेस. तर ती म्हणे, "आई, त्यायनं गिऱ्हाइकाच्या बायकोले बोलावलं. मले नाई."

"अवं पण तूच तर हायेस ना ती!"

"त्यायले कुठं माहीत हाये? मी तिथं येऊन बसीन, त्यायनं मान वर करून पाह्यलं अन् आतमधी निंगून गेले, तर मी काय करू आई? या पोटासंगं मी पायरीवर उभी राहू का?"

मी तिले दोन शिव्या दिल्या, बापावर गेलीस म्हटलं, अन् फोन ठेवला. त्या दिवशी भाकरीचं पीठ मळता मळता मी ठरवलं, का आता आस नाई धराची. तिचं बाळंतपण सौसरले होईन, मालतीबाई करन, अन् मले नातवाचा फोटो येईन. असं ठरवलं खरं. पण आस काय माझं ऐकते?

दोन-तीन दिवसांनी, सकाळची उन्हं दुकानात आलेली, अन् तीच गाडी समोर थांबली. डाव्या सीटवर कोणीतरी बसलेलं. काचेतून मले फक्त ओढणी दिसली. माझ्या पायाखालचं मशीन आपोआप थांबलं. आली! माय बाप्पा, आली माझी पोरगी! मी उठली, स्टूल पडलं, तशीच पायरीपर्यंत धावली. दार उघडलं अन् उतरली कोण, तर एक सडपातळ, सावळी पोरगी, जिले मी कधी पाह्यलं नव्हतं.

सागर माझ्याजवळून जाताना हळूच बोलला, "ती नाई आली, आई. ही माझी बहीण, अर्चना. तिच्यायेवढीच हाये. खिसा तरी बसन ना. परवा नागपूरले जाचं हाये."

त्या बिचाऱ्या पोरीवरच राग आला मले. ती माझ्याकडं पाहून हसली तर मी तोंड फिरवलं. छातीत असं झालं होतं का कोणी आतून पॅनल ओढून काढलं अन् तसंच उघडं सोडलं.

तृप्तीच्या बाबांले काही पत्ता नाई. त्यायनं पॅनल उतरवलं, पुसून भिंतीले टेकवलं, अन् अर्चनाले म्हटलं, "बस बाई. रोज बसतेस तशी बस. डोळे मिट. आता बाटली घे."

अर्चनानं हात सोडला. हे खाली बसून खडूनं खूण करून राहिले होते. तेवढ्यात त्या पोरीले काय आठवलं कोण जाणे. डोळे मिटलेलेच, सागरच्या बाजूले मान वळवून म्हणे, "दादा, सीट थोडी मागं घेऊ का?"

खडू थांबला. आमच्याकडं कोणी बाई नवऱ्याले दादा म्हणन का? मरन पण म्हणणार नाई. हे हळूहळू उभे झाले. अर्चनाकडं पाह्यलं, सागरकडं पाह्यलं. अर्चनानं डोळे उघडले अन् ओठ चावला.

"ही तुयी बायको नाई," हे म्हणले.

"नाई," सागर म्हणे. "बहीण हाये. मी मोहगावचा पण नाई बाबूजी. सौसरचा हाओ. मी सागर."

नाव तर यायले माहीतच होतं. दोन वर्षं त्याच नावावर राग धरून बसले होते. मी हातातली कैची घट्ट धरली. मनात म्हटलं, आज यायनं या पोराले एक जरी वाकडा शब्द बोलला, तर मी हे दुकान डोक्यावर घेते. पण हे अर्चनाले म्हणले, "उतर पोरी." ती उतरली. यायनं अंगठ्यानं खडूची खूण पुसली. एकदा पुसली, मंग फडक्यानं परत पुसली.

"दुसऱ्याच्या हातावर मी ड्रिल चालवत नाई."

"तिचा हात एवढाच हाये," सागर बोलला. "मी दोघींले शेजारी उभं करून पाह्यलं."

"तू मले सांगतो?" यायचा आवाज चढला. "तू मले सांगतो तिचा हात? हिचा लांब हाये. तिचा आखूड हाये, तिच्या आजीवर गेला. फळीवरचा डबा काढाले स्टूल लागे तिले. अन् सीट मागं कायले? ती सीट एकदम पुढं घेऊन बसते. काचेले नाक लावून. लहानपणापासून तशीच बसते, मागं बसवलं तर रडे."

मी पाह्यतच राह्यली. दोन वर्षांत या मानसाच्या तोंडून पोरीबद्दल एक शब्द निंगला नव्हता, अन् आता थांबाचं नावच नाई.

सागर मान खाली घालून, पण न हटता म्हणे, "पह्यले बसत असन बाबूजी. आता नाई. आता मागं बसते. एकदम मागं."

"नको सांगू मले."

"खरं सांगून राहिलो."

"खोटं सांगून राहिला! तू तिले दोनच वर्षं पाह्यलं. मी तिले पाळण्यापासून पाह्यलं. लाव फोन. लाव! इचारू तिलेच."

आता पाहा, या मानसानं पोरीले फोन लावाले सांगतला तो मायेनं नाई, जावयाले खोटं पाडाले. सागरनं फोन लावला, स्पीकर चालू केला अन् यायच्यासमोर धरला.

"हां," तृप्तीचा आवाज आला, "बसला का खिसा?"

आवाज ऐकला अन् यायचा राग कुठं गेला कोण जाणे. तिकडून "हॅलो, हॅलो" चालू. मले वाटलं, आता ठेवन ती फोन. अन् हे एकदम बोलले, जसं गिऱ्हाइकाले इचारतेत तसं, "सीट पुढं घेऊन बसतेस का मागं?"

रस्त्यानं कापसाची एक गाडी गेली, तिचा आवाज पूर्ण विरला.

"मागं, बाबा," ती म्हणे.

यायनं सागरकडं पाह्यलं. हरले होते. पण हार मानतीन तर हे कसले? "काहून मागं? तुया हात नाई पुरत मंग दाराले."

"पुढं घेतली का पोट लागते."

यायले समजलं नाई. खरंच समजलं नाई. "पोट?" म्हणले. मंग तोंडावरचा रंग बदलला. हळूहळू, जसं उन्ह भिंतीवरून सरकते तसं ते त्यायले उमगत गेलं, अन् यायनं गाडीच्या टपावर हात टेकला.

"सातवा लागला बाबा," तृप्ती बोलली.

मंग यायनं इचारलं काय? पोरगा का पोरगी नाई, तब्येत कशी नाई. म्हणले, "मंग पाण्याची बाटली?"

"पायाशी पडते. पडली का पडूनच राह्यते. वाकता नाई येत ना."

"अन् तहान लागली तर?"

"राह्यते तशीच. सागर गाडी चालवत असते, त्याले कशाले थांबवू? घरी येऊन पेते."

बस. इतकंच बोलली पोरगी. तक्रार नाई, रडणं नाई. पण माझी पोटुशी लेक नागपूर ते सौसर तहानेली बसून येते, हे तिच्या बापाच्या काळजाले जिथं लागाचं तिथं लागलं. यायनं बाहीनं डोळे पुसले. मी लग्न झाल्यापासून या मानसाले रडताना पाह्यलं नव्हतं. सासरे गेले तेव्हा पण नाई.

"तू ये इकडं," यायनं म्हटलं.

"खिशाच्या मापाले?" तिचा आवाज पण आता जागेवर नव्हता. "गिऱ्हाईक म्हणून बोलवून राहिले का बाबा?"

"गिऱ्हाइकाले मी कधी फोन करतो का?" यायनं फोन सागरच्या हातातून घेतला, दोन्ही हातात धरला, तोंडाच्या एकदम जवळ. "तृप्ती. बाई माझे. ये ना घरी."

तिकडून रडण्याचा आवाज आला अन् त्यातून एकच शब्द, "हाव."

यायनं फोन सागरले दिला. त्याच्याकडं सरळ पाह्यलं नाई, त्याच्या शर्टाच्या बटनायकडं पाह्यलं. "जा, घेऊन ये तिले. गड्डे पाहून चालवजो."

"दार असंच उघडं?" सागरनं इचारलं. दाराच्या आतले तार, काचेची सळई, सगळं उघडं पडलं होतं. अशी गाडी यायनं जन्मात दुकानाबाहेर जाऊ दिली नव्हती.

"राहू दे. पॅनल इथंच ठेवतो मी. वापस तर येणारच हाये ना गाडी."

अन् निंगता निंगता सागर यायच्या पाया पडला. हे दचकले. मागं सरकले नाईत, एवढं मी पाह्यलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला का नाई ते मले नीट दिसलं नाई, माझेच डोळे भरले होते. गाडी गेली, ते उघडं दार खडखडत. अर्चना राह्यली मागं, कोपऱ्यात उभी, ओढणीचं टोक बोटाले गुंडाळत. यायनं तिच्यासाठी स्टूल पुसलं. "बस पोरी. घाबरू नको. तुया हात चांगला हाये, पण सीट तुयी नाई, म्हणून उठवलं." मंग स्वतः टपरीवर जाऊन तीन चहा घेऊन आले. टपरीवरच्या पोराले हाक मारली नाई, स्वतः गेले. आम्ही तिघं चहा पेत बसलो.

यायनं अर्धा चहा ठेवून दिला. माझ्याकडं वळले.

"तुले माहीत होतं?"

"होतं."

"मले सांगतलं नाई."

"तुम्ही इचारलं का?"

यावर भांडण होईन असं मले वाटलं, अन् मी तयार पण होती, इतक्या दिवसाचं पोटात साचलं होतं. पण हे रस्त्याकडं पाह्यत बसले. सौसरकडून येणारी प्रत्येक गाडी पाह्यत, जशी काही ती आत्ताच येणार होती. मंग म्हणले, "सातव्यात ओटी भरतेत ना आपल्यात?"

"भरतेत."

"तिच्या आईबापानं भराची असते ना?"

"हाव."

"मंग साडी आण ना. हिरवी आण. अजून बसून काय राह्यली?" अन् चिडले माझ्यावर! खरंखुरं चिडले, जसं सगळा उशीर मीच केला होता.

दुसरा कोणता दिवस असता तर मी चांगलं ऐकवलं असतं. पण मी गप उठली, चपला पायात सरकवल्या अन् अर्चनाचा हात धरला. म्हटलं, "चाल वो पोरी माझ्यासंगं साडीच्या दुकानात. रंग तूच पाह्य. मले काही दिसून नाई राह्यलं."